स्पायडरमॅनच्या पुतळ्यात मेण असतं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नेरुळला एका मॉलमध्ये लहान मुलांचा गेम झोन सुरू होतोय. दारात स्पायडरमॅनचा ‘मेणाचा पुतळा’ उभा करायचा आहे. दोन ठिकाणी चौकशी केली, तर एकाच्या चौपट भाव दुसऱ्याने सांगितला. महागवाला म्हणतो, ‘आमचा अस्सल मेणाचा, मादाम तुसाँसारखा.’ स्वस्तवाला म्हणतो, ‘फायबरमध्ये देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही.’ आता मेणाचा घ्यावा का, आणि घेतला तर आपल्याकडच्या मे महिन्यात तो वितळेल का, असं विचारलंय.

मी ठाण्यात पुतळे करतो. हात बसला शाडूच्या गणपतींवर, नंतर घोडबंदर रोडला मालिकांच्या सेटसाठी मूर्ती-बिर्ती करायला लागलो आणि तिथून माणसांच्या हुबेहूब पुतळ्यांकडे वळलो. मेण, सिलिकॉन, फायबर (म्हणजे फायबरग्लास), तिन्हींत काम करतो. त्यामुळे कुठल्या एका मालाची वकिली करण्यात मला रस नाही.

तुमचा खरा पेच मेण की फायबर हा नाहीच मुळी. स्पायडरमॅन डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला आहे. तोंडावर मुखवटा, हातात मोजे, पायात बूट. अख्ख्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढीही कातडी उघडी नाही. मग मेण दिसणार कुठे?

‘मेणाचा पुतळा’ म्हटलं की लोकांना वाटतं, पायाच्या नखापर्यंत सगळं मेण. तसं कुठेच नसतं. लंडनच्या मादाम तुसाँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयातसुद्धा डोकं आणि हात मेणाचे, कपड्यांखालचं धड फायबरग्लासचं. याला कारण आहे. मेण जड असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि पायांवर अख्ख्या शरीराचा भार पेलायची त्याची कुवत नाही. ते वापरायचं ते फक्त कातडीसाठी. उजेड मेणाच्या वरच्या थरात थोडा आत शिरतो, आतल्या आत पसरतो आणि मग बाहेर येतो. माणसाच्या गालावर, कानाच्या पाळीवर नेमकं हेच होतं. फायबरवर कितीही चांगला रंग मारा, उजेड वरूनच परत फिरतो, म्हणून फायबरचा चेहरा उघड्यावर बाहुल्यासारखा दिसतो. मेणाची किंमत आहे ती एवढ्या एका गुणासाठी. त्यावर लायक्रा, म्हणजे अंगाला घट्ट बसणारं ताणाचं कापड, चढवलं की तो गुण गेला. तुम्ही पैसे मेणाचे मोजणार आणि लोक बघणार कापड.

म्हणजे महागवाला फसवतोय का? तसं लगेच म्हणू नका. चौपट भावात काय काय धरलंय त्यावर ते आहे. मुखवट्याखालच्या मेणाच्या डोक्याचे पैसे लावले असतील तर तो खर्च वायफळ आहे. पण शरीर नव्याने घडवणं, आतला लोखंडी सांगाडा, अंगावर बेतून शिवलेला पोशाख आणि परवान्याची व्यवस्था असं सगळं त्यात असेल, तर चौपट भाव रास्तही असू शकतो. कोटेशन सुटं सुटं करून मागा. नुसतं ‘एक नग स्पायडरमॅन’ असं लिहिलेल्या कोटेशनवर सही करू नका, मग ते स्वस्त असो की महाग.

मेण कुठल्या हिरोला लागतं तेही सांगून टाकतो, कारण उद्या तुम्हाला दुसरा पुतळाही लागेल. बॅटमॅनचा जबडा उघडा असतो. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ आठवत असेल, तर त्याचंही तेच, डोळ्यांवर पट्टी आणि खाली हनुवटी मोकळी. तिथे मेण किंवा सिलिकॉन हवंच, आणि नुसती हनुवटी करणं हे अख्खा चेहरा करण्याइतकंच अवघड. डोळे झाकलेले असल्यामुळे बघणाऱ्याची नजर ओठांवर खिळते. दाढीच्या खुंटांची निळसर झाक जरा जास्त झाली तरी हनुवटी मळलेली वाटते.

सुपरमॅनचा तर चेहराच उघडा, आणि तिथे वेगळीच भानगड सुरू होते. चेहरा कुणाचा करायचा? १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी तो आणला तेव्हा चित्रात चार रेघांचा चेहरा होता. रेघांना ना रोमछिद्रं ना सुरकुत्या. मेणात करायचा तर हाडामांसाचा माणूस लागतो, म्हणजे ती भूमिका केलेला कुणीतरी नट. तुसाँकडे ज्याचा पुतळा करायचा तो माणूस शक्यतो स्वतः बसतो आणि त्याची दोन-अडीचशे मापं घेतली जातात. मातीतलं डोकं मूळ मापापेक्षा साधारण दोन टक्के मोठं करतात, कारण मेण थंड होताना आकसतं. नंतर एकेक केस सुईने टोचायचा. आठवडेच्या आठवडे जातात त्यात. मेणाचे पैसे जातात ते इथे, या हातकामात. स्पायडरमॅनला केसही नाहीत आणि भुवयाही नाहीत. मुखवटा हातात धरून उभा असलेला, चेहरा उघडा ठेवलेला स्पायडरमॅन हवा असेल तर गोष्ट वेगळी. मग वरचं सगळं लागू झालं. पण लहान मुलांना तो नको असतो, हे मी पैजेवर सांगतो. त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा मुखवटाच हवा.

आता वितळण्याबद्दल. तुम्हाला गरज नसली तरी विचारलंय म्हणून सांगतो. मधमाशांचं मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना. ठाण्या-नवी मुंबईत हवा काही तितकी तापत नाही, तेव्हा पुतळ्याचं पाणी होऊन फरशीवर ओघळ आला, हे फक्त सिनेमात. मात्र वितळायच्या कितीतरी आधी मेण मऊ पडतं. पस्तीस अंश ओलांडले की ते नरम व्हायला लागतं आणि स्वतःच्या वजनाने खाली बसायला लागतं. आधी बोटं झुकतात, मग मान. हे एका दिवसात दिसत नाही, दोन उन्हाळ्यांनंतरचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. कडकपणासाठी आम्ही त्यात कार्नौबा नावाचं, ताडासारख्या झाडाच्या पानांचं मेण घालतो, ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, पण जास्त झालं तर ठिसूळपणा येतो. स्वस्तातला माणूस पॅराफिन (खनिज तेलापासूनचं मेण) जास्त घालतो, ते याहून लवकर नरम पडतं. मॉलमध्ये दिवसा एसी असतो म्हणून निर्धास्त राहू नका. रात्री शटर पडलं की एसी बंद होतो आणि काचेच्या दर्शनी भागाला सकाळचं ऊन लागलं की दार उघडायच्या आत तिथली वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते.

तुमच्या पुतळ्याला उन्हाचा त्रास मेणातून होणार नाही, कापडातून होईल. लाल रंग आधी विटतो. एप्रिलमध्ये लावलेला लाल दिवाळीला विटकरी दिसतो, जर रोज ऊन लागत असेल तर. पावसाळ्यात दमटपणाने आतल्या बाजूला बुरशी धरते आणि सांगाडा साध्या लोखंडाचा असला तर गंजाचे डाग घोट्याजवळ वर उमटतात. सांगाड्याला निदान रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या रंगाचे) दोन हात मारून घ्या. पायातून तळाच्या प्लेटमध्ये जाणारी सळई मात्र स्टेनलेसचीच मागा. फरक फार पडत नाही खर्चात.

मुख्य गोष्ट आहे शरीर आणि पोशाख. स्पायडरमॅनचे बहुतेक पुतळे इथे मार खातात, म्हणून यावर जरा सविस्तर.

शरीराचं असं की आपल्याकडे सुपरहिरो म्हटला की कारागीर तालमीतला पैलवान करतो. खांदे रुंद, मान जाड, मांड्या खांबासारख्या. स्पायडरमॅन तसा नाहीच. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो पहिल्यांदा छापला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, आणि डिटकोने तो सडपातळ, लांबुडक्या हातापायांचा काढला. मार्व्हलच्या माहितीत त्याची उंची ५ फूट १० इंच आहे. घट्ट पोशाखात काहीही लपत नाही. साडी नेसवलेल्या किंवा कोट घातलेल्या पुतळ्यात कमरेखाली कसंही चालून जातं, इथे गुडघ्याची वाटी अर्धा इंच वर गेली तरी पाय खोटा दिसतो. कारागिराकडे गेलात तर मातीतलं मॉडेल बघायला मागा, पोशाख न चढवलेलं. ‘कपडे घातल्यावर बघा साहेब, मस्त दिसेल’ असं म्हणणाऱ्याकडून उठून या.

(मध्ये एकाने धोतरवाला स्पायडरमॅन मागितला होता. २००४ मध्ये मार्व्हल आणि गोथम कॉमिक्स यांनी मिळून पवित्र प्रभाकर नावाचा मुंबईचा स्पायडरमॅन काढला होता, तो धोतर नेसायचा. मला तर ती कल्पना फारच आवडली, मांड्या आणि गुडघे आपोआप झाकले जातात! काम पुढे सरकलं नाही ते सोडा.)

पोझ कुठली, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उभा पुतळा घेऊ नका. पाच फूट दहा इंचांचा माणूस आठ इंचांच्या चौथऱ्यावर उभा केला की सहा वर्षांच्या पोराचं डोकं जेमतेम त्याच्या कमरेपर्यंत येतं. फोटोत एक तर पोराचा चेहरा येतो, नाहीतर मुखवटा. छतापासून उलटा लटकवलेला सगळ्यांना हवा असतो, पण त्यासाठी मॉलच्या स्लॅबला हुक मारायची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी मुलं खालून हात धरून ओढणार. तुम्हाला सोयीची म्हणजे त्याची उकिडवी बैठक, एक गुडघा वर, एक हात जमिनीला टेकलेला. दोन पाय आणि एक हात असा तीन ठिकाणी भार जातो, पुतळा हलत नाही, आणि मुखवटा बरोबर मुलांच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. पालकांना खाली बसून फोटो काढावा लागतो, तेवढं त्यांनी करावं.

दुसरा हात जाळं फेकणारा. मधली दोन बोटं तळव्याला टेकलेली, अंगठा, तर्जनी आणि करंगळी ताठ. ही करंगळी महिन्याच्या आत तुटते. प्रत्येक पोर तिथेच धरतं. हात फायबरचा करू नका, आत तार घालून सिलिकॉनचा किंवा रबरासारख्या लवचीक पीयूचा (पॉलियुरेथेनचा) करून घ्या, वर मोजा असल्यामुळे काहीच कळत नाही. वाकवलं तर वाकतं आणि परत सरळ करता येतं. स्वस्तवाल्याला एवढी एक गोष्ट करायला लावलीत तरी पुष्कळ झालं.

पोशाखावरून तर कारागीर चटकन ओळखता येतो. बाजारात तयार छापील लायक्राचे सूट मिळतात, ते उभ्या माणसासाठी बेतलेले असतात. तोच सूट उकिडव्या पुतळ्यावर चढवला की गुडघ्यावर कापड ताणलं जातं. छपाई पांढऱ्या कापडावर वरच्या वर झालेली असते, त्यामुळे ताणलेल्या जागी लालमधून, निळ्यामधून आतला पांढरा डोकावतो आणि जाळ्याचे चौकोन लांबुळके होतात. मागे, गुडघ्याच्या लवणीत, तेच कापड चुण्या पडून गोळा होतं. दुरूनही हे दिसतं. लोकांना नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

नीट करायचं तर पुतळ्याच्या अंगावरच पॅटर्न काढावा लागतो. तयार धडाला आधी स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात ती पातळ प्लॅस्टिकची क्लिंग फिल्म गुंडाळायची, त्यावर टेपचे थर द्यायचे, मग टेपवर मार्करने शिवणी कुठे येणार त्या रेषा आखायच्या आणि कटरने त्या रेषांवर कापून टेपचं ते कवच सोलून काढायचं. तुकडे सपाट करून स्कॅन करायचे, त्यावर जाळ्याचं डिझाइन बसवायचं आणि मग छपाई. असं केलं की गुडघ्याच्या तुकड्यावर चौकोन आधीच आखूड काढता येतात, ताणल्यावर ते बरोबर दिसतात. जाळ्याच्या रेषा उठावदार हव्या असतील तर छपाईवरून हाताने पफ पेंटची (फुगून वर येणाऱ्या रंगाची) किंवा सिलिकॉनची रेघ ओढतात. नजर आणि हात दोन्ही धरून ठेवावे लागतात त्या कामात, म्हणून महाग.

पुतळा ताब्यात घेताना खांद्याची शिवण बघा. छातीवरच्या जाळ्याच्या आडव्या ओळी आणि पाठीवरच्या ओळी खांद्यावर एकमेकींना भेटतात का? अर्ध्या चौकोनाने चुकल्या असतील तर सूट तयार आणलेला आहे. मग मुखवटा बघा. जाळ्याच्या सगळ्या रेषा नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मध्ये एका बिंदूतून निघाल्या पाहिजेत. आणि कापडाखाली नाकाचं टोक किंवा ओठ उमटलेले दिसत असतील तर आत कडक कवच घातलेलं नाही, नुसता सॉक्स ओढलाय. फायबरच्या धडावर आणि लायक्राच्या मध्ये पातळ फोमचा थर आहे का, तेही दंडाला दाबून बघा. तो नसेल तर मिठी मारणाऱ्या मुलाला खांब कवटाळल्यासारखं वाटतं.

वासही घ्या, हसू नका. फायबरच्या कामात वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनचा, घाईघाईत काढलेलं असेल तर, उग्र वास बंद हॉलमध्ये आठवडेच्या आठवडे जात नाही, आणि तुमच्याकडे लहान मुलं येणार आहेत. कास्टिंग पूर्ण वाळवून द्यायला सांगा. मॉलचे फायर सेफ्टीवाले विचारतीलच, तेव्हा रेझिन आग रोखणारं वापरल्याचं पत्रही आधीच मागून ठेवा.

परवान्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ते टाळून उत्तर पूर्ण होत नाही. स्पायडरमॅन कुणाच्या तरी मालकीचा आहे. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये चित्राची त्रिमितीय प्रतिकृती करणं हा मूळ हक्कधारकाचाच हक्क म्हणून नोंदवलाय, म्हणजे ‘आम्ही चित्र छापत नाही, पुतळा करतोय’ ही पळवाट चालत नाही. घरात पोराच्या वाढदिवसाला केलेला पुतळा आणि तिकीट लावून चालवलेल्या धंद्याच्या दारातला पुतळा यात फरक आहे. खऱ्या नटाचा चेहरा असेल तर आणखी एक भानगड. अमिताभ बच्चन यांच्या बाजूने २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांच्या बाजूने २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चेहऱ्याच्या, आवाजाच्या परस्पर व्यापारी वापराविरुद्ध आदेश दिलेत. ‘सगळीकडे उभे आहेत की’ हे मीही ऐकतो. उभे आहेत, खरं आहे. तुमचा गेम झोन एखाद्या मोठ्या साखळीचा असेल तर त्यांच्याकडे परवाने देणाऱ्या एजन्सीशी बोलणारी माणसं असतात, त्यांना विचारा. स्वतंत्र धंदा असेल तर वकिलाशी एकदा बोला. मी स्वतः परवान्याचं पत्र बघितल्याशिवाय धंद्याच्या जागेसाठी हे काम घेत नाही.

परवाना परवडत नसेल तर स्वतःचा हिरो करा. नेरुळच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात, ते बघायला लोक लांबून येतात. गुलाबी पोशाख, काळ्या टोकाचा मुखवटा, एका पायावर पोझ. एका पायाचा सांगाडा जरा भक्कम लागेल, पण कुणाची नोटीस येणार नाही आणि तो फोटो दुसऱ्या कुठल्याही मॉलमध्ये मिळणार नाही.

करारात एक ओळ मात्र घालाच, साचा कुणाचा. १९२५ मध्ये लंडनच्या मादाम तुसाँला आग लागली आणि पुष्कळ पुतळे गेले, पण साचे वाचले होते म्हणून ते परत ओतता आले. तुमच्याकडे आग नको लागू दे, पण मनगट तुटेल, मुखवट्याचं कवच पिचेल. साचा कारागिराकडेच राहिला आणि त्याने गाळा बदलला की पुढचं मनगट पुन्हा मातीपासून. निदान डोकं आणि दोन्ही हात यांचे साचे तरी पैसे देऊन ताब्यात घ्या. पोशाखाचे दोन संच शिवून घ्या, एक अंगावर आणि एक धुवायला. पोटावर आणि गुडघ्यावर आठवड्यात काळपट थर बसतो, तो पुसून जात नाही. त्यासाठी मोजे सुटे आणि पाठीला चेन हवी, आणि एक दंड खांद्यातून बोल्ट सोडवून काढता आला पाहिजे. ताठ पुतळ्याच्या अंगातून सूट काढून बघा एकदा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

तेव्हा भावाचा हिशेब असा. स्वस्तवाल्याकडे फायबरच घ्या, पण लवचीक हात, अंगावर बेतलेला पोशाख आणि स्टेनलेस सळई याचे पैसे वेगळे देऊन. त्याचा भाव वाढेल, तरी चौपट होणार नाही. महागवाल्याला सांगा की डोकं मेणाचं नको, ते वगळून किती. त्याने किती कमी केले त्यावरून कळेल की तो भाव कशाचा लावत होता.

शक्यतो पावसाआधी आणा. ठाण्याहून टेम्पो विटाव्यावरून यायचा असेल तर तिथल्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं असताना लायक्राचा माल घेऊन तिथे अडकायची वेळ येऊ नये. आणि दाराची दिशा कुठली, काच किती, चौथऱ्याला जागा किती, छत किती उंच, एवढं इथेच लिहा. बैठकीचं माप आणि सांगाडा कुठून बांधायचा ते त्यावरून सांगतो.